अकरा एक्केचाळीस

आमच्या रक्तपेढीचा कॉम्प्युटर रुसला की मंगळवेढ्याचे ते गृहस्थ येतात. चप्पल दाराबाहेर काढतात आणि कीबोर्डला हात लावण्याआधी विचारतात, "किती वाजता झालं?"

त्या दिवशी एका रक्तदात्याची नोंद खोडताना मी सगळी यादीच पुसली. त्यांनी येऊन तेच विचारलं, तेव्हा डॉक्टर मागे उभे होते. मी पुटपुटले, "बारा वाजता असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेब, तुमी जरा चहा घेऊन या की."

डॉक्टर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "ताई, यादीची कालची प्रत हाय. आज केलेला एकेक बदल लॉगमधून, म्हंजी कॉम्प्युटरच्या रोजनिशीतून, तिच्यावर परत चढवायचा आणि चुकीच्या आधी थांबायचं. येळ खोटी सांगितली, तर तुमची चूकबी परत चढंल."

"अकरा बेचाळीस," मी म्हणाले.

ते अकरा एक्केचाळीसवर थांबले. सगळे दाते परत आले.

डॉक्टरांनी येताच विचारलं, "कुणी पुसलं होतं?"

"आता कुटं पुसलंय? समदं हाय की," म्हणत ते चप्पल घालू लागले.

त्या लॉगमध्ये वेळेसकट पुसणाऱ्याचं नावही असतं, हे मला फार उशिरा कळलं. ते मात्र आजही आधी विचारतातच.