साहेबाच्या पुस्तकातला बारमाही ओढा

मंडळी, आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

नगरहून एक गोरा साहेब टांग्यातून आमच्या लिंबागणेशला आला. हातात निजामाच्या मुलखाची माहिती देणारं जाडजूड पुस्तक. त्यात छापलंय की इथल्या ओढ्याला बारा महिने पाणी असतं. त्या भरवशावर त्यानं टांगेवाल्याला वाटेत कुठंच घोडं पाण्याला थांबवू दिलं न्हाई. ओढा तर शिमग्यालाच आटतो. घोडं तोंडाला फेस आणून कोरड्या वाळूत बसलं.

मी शाळामास्तर, थोडं इंग्रजी येतं, म्हणून मला बोलावणं आलं. ते पान वाचून लिहिणाऱ्याची किळस आली. घोड्याला विहिरीवर नेलं आणि पाटलांना विचारलं, "लिहिणाऱ्यानं ओढा बघितला तरी होता का?"

"बघितला की. भर पावसाळ्यात आलता. बारमाही पानी हाय का म्हनला, मी म्हनलो, जी हुजूर."

"कावून पण? खोटं कशाला सांगितलं?"

"मास्तर, साहेबाला न्हाई म्हनत्यात व्हय?"

तेवढ्यात साहेबानं पुस्तकातली ती ओळ पेन्सिलीनं खोडली आणि मला इंग्रजीत विचारलं, पुढं पाली गावाची वाट चांगली आहे का? पाटलांना आणि मला ठाऊक होतं, परवाच त्या वाटेवर एका गाडीचं चाक मोडलंय.

मी विचारताच पाटलांनी मान तुकवली. "जी हुजूर."

साहेब माझ्याकडं बघायला लागला. मी तेच इंग्रजीत सांगितलं, "येस सर." त्यानं ते लिहून घेतलं.

टांगा गेला. मंडळी, आता किळस कुणाची करू?