काय ऐकतेस गं?

नौपाड्यात आईचे ब्लाउज शिवणाऱ्या काकू मशीनवर दिवसभर पॉडकास्ट ऐकायच्या. माप घेताना विचारायच्या, "काय ऐकतेस गं?" कोणी काहीच ऐकत नसेल, तर तिच्या मोबाइलवर स्वतःच लावून द्यायच्या. झोप न येणारीला इतिहास, सासूशी भांडून आलेलीला विनोदी गप्पा, माझ्या आईला भुताच्या गोष्टी. आई घाबरायची आणि पुन्हा नवीन मागायला जायची.

आई गेल्यावर तिचे शिवायला टाकलेले ब्लाउज आणायला मी गेलेले. म्हटलं, "काकू, घर खायला उठतं. मलाही काहीतरी सुचवा ना."

काकूंनी चालू असलेला पॉडकास्ट बंद केला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस. तुझी आई इथे बसून काय काय बोलायची, ते सांगते."

कॉलेजात असताना आई नाटकात काम करायची, हे मला त्या संध्याकाळी कळलं.