मिथुनेतला तारा

वसमतला हळद शिजायला लागली की त्या वासासरशी मी मनानं आमच्या जुन्या घराच्या माळवदावर, त्या मातीच्या छतावर, जाऊन पोचते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मिथुन राशीतला एक तारा ठरावीक दिवसांनी मंदावतो आणि पुन्हा उजळतो. त्या फेऱ्यावरून तो किती लांब आहे ते काढतात म्हणे. माझे मालक शाळामास्तर. ते त्याच्या उजेडाचा अंदाज हैदराबादेच्या वेधशाळेला कळवायचे, पण त्यांना तो धड दिसायचा नाही. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून मीच सांगायची.

"तिकडचे साहेब आले की सांगीन, नजर तुझी हाय," असं ते म्हणाले होते.

साहेब आले. परक्या पुरुषासमोर जायची रीत नव्हती, म्हणून मी चहा घेऊन जिन्यातच थांबले. वरून मालकांचा आवाज आला, "मीच बघतो रोज. माझी नजर लई तेज हाय."

मग मालक जिन्याच्या तोंडाशी येऊन कप घ्यायला वाकले आणि हळूच म्हणाले, "आज कसा हाय गं?"

मी जिन्यातून मान वर केली. "वरच्या शेजाऱ्याहून जरा मंद."

तेव्हा वाटलं, मालकांची लाज राखली. आता तो कप आठवला की हात जळतो. पण तेव्हासुद्धा ताऱ्याचा उजेड खोटा सांगायला जीभ रेटली नाही. ताऱ्यानं माझं काय वाकडं केलं होतं?