दुसऱ्यांदा मागितलेलं पाणी

त्या दुष्काळात शहर गंगापूरच्या बाजूला हातपाय पसरत होतं आणि नव्या कॉलन्यांसाठी दिवसभर पाण्याचे टँकर धावत होते. मी अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर होतो. नवाच, आणि अंगात जरा जास्तच मिजास असलेला.

भर दुपारी एका टँकरनं जीपला उडवलं आणि स्वतःही आडवा झाला. आम्ही पोचलो तेव्हा अर्धी गर्दी जखमींभोवती होती, अर्धी हंडे घेऊन गळत्या टँकरभोवती. बहुतेकांचं खरचटण्यावर निभावलं होतं. एका तरुणाच्या नडगीचं हाड मात्र बाहेर आलेलं; तो गुरासारखा ओरडत होता. बाभळीखाली जीपमधलीच एक धनगराची म्हातारी पोटाशी गाठोडं धरून बसली होती.

"मला काय नाय झालं, बाबा. घोटभर पानी दे," ती म्हणाली.

"आजी, पाणी तर सगळ्या जिल्ह्यालाच पाहिजे." दोघं-तिघं हसले. मलाही माझं बोलणं आवडलं, हे सांगायला आज लाज वाटते.

स्ट्रेचर एकच. दुसरी गाडी यायला अर्धा तास होता. तरुणाचं रक्त थांबवलं, पाय बांधला. त्याला उचलणार, तोच आमचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, म्हातारीनं आत्ताच तांब्याभर पानी पिलंय. तरी पुन्हा मागायलीय."

आतल्या आत रक्तस्राव झाला की माणसाला अशी तहान लागते, हे मला पाठ होतं. पण त्या साली तहानेला कोण आजार समजणार? मी धावलो. एवढ्या उन्हात तिचे हात गार, घामानं ओले. नाडी बोटाला लागेना. गाठोडं बाजूला केलं तर पोट दगडासारखं घट्ट.

"आधी हिला घ्या!"

"पोरगा मरायलाय अन् म्हातारीला नेता व्हय?" कुणीतरी माझी कॉलर धरली. ड्रायव्हरनं ती सोडवली. रस्ताभर मी तिची नाडी चाचपत होतो आणि घाबरलो होतो.

तिची पोटात फुटलेली प्लीहा काढावी लागली, पण ती वाचली. तरुणाचा पायही वाचला. आठवड्यानं वॉर्डात मी तिच्यावरच चिडलो, "आजी, पोट दुखतंय म्हणून सांगायचं नाही का?"

"ते लेकरू वरडत व्हतं ना," ती म्हणाली. "दोघंबी वरडलो असतो तर तू कुनाचं ऐकलं असतंस?"

मी तिच्या उशाचा तांब्या भरून आणायला उठलो.