देवाच्या दारात बूट

आम्ही आफ्रिकेला निघालो त्या दिवशी आई धक्क्यावर आलीच नाही. बोरीवलीच्या घराच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत बसून राहिली. "बंदरावर रडायला बायका भरपूर असतात, माझी भर कशाला?" म्हणाली. टांग्यात चढण्याआधी मी वाकून नमस्कार केला, तर हातातलं सूप न सोडता तिने एवढंच सांगितलं, "शिकवायला चाललीयेस ना? मग तिथे गेल्यावर आधी बघ जरा, तोंड नंतर उघड." मी सात वर्षं शाळेत शिकवलेली बाई. तोंड आधी उघडणं हाच माझा धंदा होता, त्यामुळे तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. टांगा वळेपर्यंत ती मान खाली घालून खडे वेचत होती.

तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आम्ही का गेलो हे नीटसं कधी कळलं नाही, आणि माझ्यासारखे जे समुद्र ओलांडून गेले त्यांना कुणी ते विचारलं नाही. म्हणून दोघांसाठीही लिहिते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. न्यासालँडमधल्या, म्हणजे आजच्या मलावीतल्या, एका मिशनला शाळा आणि दवाखाना चालवणारं जोडपं हवं होतं. माझे यजमान कंपाउंडर, शिवाय आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करणारे. यांना लहानपणापासून मिशनरी व्हायचं होतं आणि मला कुठेतरी जायचं होतं. यांनी पक्की नोकरी सोडली, मी शाळा सोडली, भाड्याची खोली सोडली, आणि पाच वर्षांच्या रूथला घेऊन आम्ही बोटीत बसलो.

अट एकच होती. पहिलं वर्ष परीक्षेचं. वर्ष संपताना तिथल्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधले ज्येष्ठ पुढारी, मिशनला पत्र लिहिणार, की या लोकांना ठेवा किंवा परत पाठवा. परत पाठवलं असतं तर बोरीवलीत आम्हाला ना खोली होती ना नोकरी. पण खरं सांगू, मला ती काळजी नव्हतीच. आपल्याला कोण नापास करणार, अशा ऐटीत मी होते.

घर विटांचं, वर पत्रा, मागे पपईचं झाड. सकाळी सहाला दवाखान्यासमोर रांग लागे, आठला शाळेची घंटा. दुपारी मी मुलींना शिवण शिकवत असे. मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला न्सिमा म्हणतात, ती मला महिनाभरात यांच्यापेक्षा चांगली जमायला लागली. सरोवरातले बोटाएवढे मासे सुकवून बाजारात येत. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी रस्त्यातच थांबले, खारदांड्याला सुकत घातलेली मासळीच आठवली, आणि डोळे भरून आले. गावातल्या गुजराती दुकानदाराकडे हळद-मोहरी मिळे. रूथ तर दोन महिन्यांत चिन्यांजा भाषेत भांडायला लागली. मला सगळे अमायी म्हणत, म्हणजे आई. एकूण गाडी रुळावर होती.

चूक केली ती आम्ही देवळात.

आपण मराठी ख्रिस्ती लोक चर्चलाही देऊळच म्हणतो, आणि चपला बाहेर काढून, सतरंजीवर बसून उपासना करतो. त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. तिथे पहिल्याच रविवारी आम्ही तिघांनी दारात चपला काढल्या आणि आत गेलो. लोक बघत राहिले. ते मात्र सगळे, ज्यांच्याकडे होते ते, बूट घालून बाकांवर बसलेले. यांना ते फार लागलं. काही महिने गप्प बसले, आणि मग एका रविवारी उपदेशात प्रेमाने, अगदी प्रेमाने सांगितलं, की ही पवित्र जागा आहे, पुढच्या वेळेपासून आपण सगळे पायातलं बाहेर ठेवू या. मी पहिल्या बाकावरून मान डोलावली. बाहेर बूट ओळीने लावता यावेत म्हणून फळीसुद्धा मीच ठोकून घेतली.

पुढच्या रविवारी लोकांनी बूट काढले. त्याच्या पुढच्या रविवारी निम्मे लोक आलेच नाहीत. त्यानंतर उरले ते बहुतेक दवाखान्यातले पेशंट. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. शाळेत मुलं येत होती, रस्त्यात भेटलं की बायका पूर्वीसारख्याच गुडघ्यात वाकून नमस्कार करत होत्या, फक्त रविवारी देऊळ रिकामं. वर्ष संपायला सहा आठवडे उरले होते. यांना जेवण जाईना. "माझ्या उपदेशातच दम नाही," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, उपदेश पहिल्यापासून तसाच आहे, तेव्हा येत होते ना." यांना त्याही स्थितीत हसू आलं.

मंडळीचे वडील होते फिरी नावाचे साठीचे गृहस्थ. त्यांना सगळे बांबो फिरी म्हणत. बांबो म्हणजे बाबा. पत्र लिहिणार होते ते हेच. तरुणपणी दक्षिणेत खाणीत कामाला होते, त्यामुळे इंग्रजी यायचं. एका रविवारी उपासनेआधी मी एकटीच त्यांच्या गावाकडे निघाले. चार मैलांची वाट. ठरवलंच होतं, सरळ विचारायचं.

निम्म्या वाटेवर ओढा लागतो, तिथेच ते दिसले. अनवाणी चालत होते. नाड्यांची गाठ मारून काळे बूट खांद्यावर टाकलेले. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. ओढ्यात उतरून त्यांनी पाय धुतले, पँटवरून कमरेला गुंडाळलेलं फडकं सोडून त्याने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय पुसले. मग बूट पुसले. आणि घातले मात्र नाहीत, पुन्हा खांद्यावर टाकले.

मी पुढे होऊन विचारलं, "बांबो, बूट असून अनवाणी का?"

"हे चालायचे बूट नाहीत, अमायी. हे देवाच्या घरात घालायचे बूट. दारात घालतो, बाहेर आलो की काढतो." खांद्यावरचे बूट सावरत म्हणाले, "म्हणजे घालत होतो. आता नुसते घेऊन येतो."

मी म्हटलं, आमच्याकडे मान द्यायला पायातलं काढतात.

"साहेबाच्या ऑफिसात शिरताना आम्ही बूट काढतो," ते म्हणाले. "मळेवाल्याच्या ओट्यावर चढताना काढतो. टोपीसुद्धा काढतो. गोऱ्यांच्या दुकानात तर आम्हाला आतच घेत नाहीत, भिंतीतल्या खिडकीतून सामान देतात. बूट घालून ताठ बसता येईल असं एकच घर होतं. तिथे आजवर कुणी काढायला सांगितलं नव्हतं."

सात वर्षं मास्तरकी करून आणि दहा महिने त्याच माणसाशेजारच्या बाकावर बसून मी त्यांच्या पायांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. शरम वाटली, आणि आईचा रागही आला, कारण तिने हेच आधी सांगितलं होतं. आम्ही दोघं देवळापर्यंत चालत आलो. फळी मी त्याच दिवशी काढून चुलीत घातली.

यांना सगळं सांगितलं तेव्हा हे ट्रंकेवर बसले होते. लग्नातले, तेव्हाही देवळाच्या दारात काढून ठेवलेले बूट त्याच ट्रंकेत तळाशी होते. पुढच्या रविवारी यांनी ते काढून पुसले. उभ्या जन्मात हा माणूस पायात काही घालून देवासमोर उभा राहिलेला नव्हता. दारात पोचल्यावर यांचा पाय उचलेना, मला दिसत होतं. मी मागून हळूच म्हटलं, "चला." मीही चपला घालूनच आत गेले आणि पहिली काही मिनिटं चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. यांनी उपदेश केलाच नाही. चुकलो, एवढंच आधी इंग्रजीत आणि मग मोडक्यातोडक्या चिन्यांजात सांगितलं. ऐकायला अकरा माणसं होती.

पुढच्या रविवारी वीस आली, मग चाळीस. काही कधीच परत आली नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बांबो फिरींचं पत्र गेलं तेव्हा मिशनने त्याची नक्कल आम्हालाही पाठवली. दोनच ओळी होत्या. या माणसाला 'मी चुकलो' असं म्हणता येतं. असा माणूस आमच्याकडे अजून आला नव्हता, तेव्हा राहू द्या.

राहिलो. चार वर्षांनी पहिली रजा मिळाली आणि आम्ही बोरीवलीला आलो. शेतं कमी झाली होती, नव्या चाळी उठल्या होत्या. रूथला आजीशी मराठीत बोलताना शब्द अडत होते, मला मात्र घरी आल्याचा आनंद मावत नव्हता. रविवारी आम्ही आमच्या देवळात गेलो. आई आधीच जाऊन सतरंजीवर जागा धरून बसली होती. मी तिच्याकडे बघत, हसत, सरळ आत चालत गेले. कुजबुज ऐकू आली तरी कळलं नाही. आईने माझ्या पायांकडे पाहिलं आणि दबल्या आवाजात म्हणाली, "अगं, चपला. कुणाच्या घरात शिरतेयस, विसरलीस का?"

"विसरले नाही गं," मी म्हटलं. "आमच्या घरी घालतात."

तोंडून निघून गेलं. त्या विटांच्या, पत्र्याच्या जागेला मी तोवर कधीच आमचं घर म्हटलं नव्हतं, पत्रात नाही, मनातसुद्धा नाही. आईला ते ऐकू आलं आणि नीट कळलंही. धक्क्यावर जे रडायचं तिने टाळलं होतं ते आता तिच्या डोळ्यांत दिसलं. तिने पदराने नाक पुसलं आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.

"मग तुमच्या घरी घाल," म्हणाली. "इथे काढ."

मी दारापर्यंत परत गेले, चपला काढल्या आणि येऊन तिच्या शेजारी बसले.