ब्रनोचं घर, बालाघाटच्या मैदानात

मी दोन वर्षं परदेशात राहून आलो, हे बालाघाटात फक्त एकाच माणसाला खरं वाटत होतं. तो माणूस म्हणजे मी.

(आणि अधूनमधून मलाही शंका यायची. अख्खा वॉर्ड रोज डोळे बारीक करून तुमच्याकडे पाहायला लागला, की आपणच आपली पेटी उघडून पासपोर्ट चाचपून येतो!)

गोष्ट साठ सालानंतरची. मी मँगनीजच्या खाणीत यंत्रांची डागडुजी करत असे. लग्नाला तीनच महिने झाले होते, आणि सरकारनं कुठल्याशा योजनेत मला यंत्रं शिकायला चेकोस्लोव्हाकियात ब्रनो नावाच्या शहरी धाडलं. बायको, विमल, दोन वर्षं लांजीला माहेरी राहिली. मी परतलो तो अर्धाच. उरलेला अर्धा तिकडेच राहिला होता. त्या गावात ट्राम वळणावर आली की कण्हत असे, अगदी म्हाताऱ्या माणसासारखी. पहाटे पावाच्या भट्टीचा वास चौथ्या माळ्यापर्यंत चढायचा. बर्फ पडला की सगळं शहर कुणी आजारी असल्यासारखं हळू बोलायचं. मी त्या गावाच्या प्रेमात पडलो होतो!

पण 'ट्राम कण्हते' हे ऐकायला बालाघाटात कोण बसतो? म्हणून मी थोडी भर घातली. थोडीच! माझ्या घराला सात खोल्या आल्या. नळाला तीन तोट्या बसल्या: एक गरम, एक थंड, एक दुधाची. धुतलेला सदरा थंडीनं इतका कडक होतो, की तिथले लोक तो रात्री फाटकाशी उभा करतात आणि चोर त्याला सलाम करून परत जातो, हे तर मी नायब तहसीलदारांना सांगितलं आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

सगळ्यांनी सगळं ऐकलं, माना डोलावल्या. आणि माझी पाठ वळल्यावर पानठेलेवाला तुळशीराम म्हणाला, "कुठचा परदेस नि काय! छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाले गेला नि दोन साल तिथंच राह्यला."

तिसऱ्या वर्षी ब्रनोच्या कारखान्याचं पत्र आलं. हिंदुस्थानातून शिकायला येणाऱ्या पोरांना शिकवायला त्यांची भाषा कळणारा माणूस हवा, घर तेच, घरमालकीण तीच, मुदत तीन वर्षं, आणि या खेपेला बायकोला आणता येईल! मी सायकलवर बसून ते पत्र वाचलं आणि सायकलसकट नालीत गेलो.

विमलनं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "लिवलं कोणत्या भाषेत आहे?"

"चेक."

"मंग मले काय मालूम, यात काय लिवलं आहे ते? कोण्या बाईनं धाडलं असन तं?"

"खाली कारखान्याचा शिक्का आहे ना!"

"शिक्का तं बैलबाजाराच्या पावतीवर बी राह्यते." मग ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "मले यायचं आहे. खरंच असन तं मले यायचंच आहे. पण बाबानं धाडलं पायजे."

इथेच सगळं अडलं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, लांजीचे धानवाले शेतकरी. त्यांच्या घराण्याचा नेम असा, की पोरगी नव्या घरात राहायला जाणार असेल, तर आधी चार जाणत्या माणसांनी ते घर डोळ्यांनी पाहायचं. विहीर कुठे, शेजार कसा, गोठा कुठल्या अंगाला! पाहिल्याबिगर पोरगी उंबरा ओलांडत नाही. आणि विमलशिवाय मी जाणार नव्हतो. दोन वर्षं एकट्यानं भात शिजवून मी तिथे दर रविवारी खिडकीशी बसून रडलो होतो. (हे मात्र बालाघाटात कुणालाच सांगितलं नव्हतं.)

मी पुरावे घेऊन लांजी गाठली. पासपोर्ट मामाजींनी बैलबाजाराच्या पावतीसारखा उलटून परत दिला. पुलावर उभा असलेला माझा फोटो दाखवला.

"हा जबलपूरचा पूल हाये," मामाजी म्हणाले.

बर्फातला फोटो दाखवला.

"कापूस. कोण्या जिनिंगमंधी काढला?"

"मामाजी, तुम्हीच सांगा, कसं पटेल तुम्हाला?"

"घर दाखवा."

"अहो, घर सात समुद्रांपलीकडे!"

"मंग आणा इकडे," मामाजी शांतपणे म्हणाले. "आखून दाखवा. कारूजी पाह्यतीन."

कारूजी म्हणजे घर पाहण्यातले वस्ताद. सत्तरीचे, बारीक अंगाचे. लांजीपासून किरनापूरपर्यंत एकही लग्न त्यांनी उंबऱ्यावर टिचकी मारल्याशिवाय जमलं नव्हतं. त्यांचा कायदा कडक: घर पसंत होईस्तोवर पाण्याचा घोट नाही.

आठ दिवसांनी, चैत्राच्या उन्हात, आमच्या घरामागच्या मैदानात मी चुन्याची फक्की घेऊन ब्रनोचं घर आखू लागलो. आदल्या संध्याकाळी विमलनं मला बजावलं होतं, "उद्या खरं सांगा. एक थाप मारली तं मीच बाबाले सांगन, नाई जात म्हून."

म्हणून मी खरं घर आखलं. खोली एक. तिच्या कुशीत चिमुकलं स्वयंपाकघर. संपलं!

तोवर अख्खा वॉर्ड मैदानाकाठी जमला होता. तुळशीराम पानठेला बंद करून आला होता.

"बाकीच्या सहा खोल्या कुठी गेल्या, भाऊ?"

"एकच होती," मी म्हणालो.

गर्दीतून असा हुंकार निघाला की जणू मी सहा खोल्या चोरून विकल्या होत्या. कारूजींनी मामाजींकडे पाहिलं, मामाजींनी विमलकडे पाहिलं, विमलनं आभाळाकडे पाहिलं.

"घर कितव्या माळ्यावर?" कारूजींचा पहिला सवाल.

"चौथ्या. ब्याऐंशी पायऱ्या."

"चढतो," कारूजी म्हणाले. आणि त्यांनी जोडे काढून जागच्या जागी पाय उचलायला सुरुवात केली! मामाजीही मागे. एक, दोन, तीन... वॉर्डातली पोरं मोठ्यानं मोजत होती. चौतिसाव्या पायरीवर कारूजी थांबले, धोतराच्या सोग्यानं घाम पुसला. "बाकीच्या समजून घ्या."

विमल पाण्याचा लोटा घेऊन धावली.

"नाई पोरी. आजून घर पाह्यलं नाई."

"विहीर?" कारूजींनी पुढचा सवाल टाकला.

"नाही. नळ आहे."

"किती तोट्या?" काठावरून तुळशीराम ओरडला.

मी मान खाली घातली. "एक. थंड पाण्याची."

"आनं दूध?"

"दूध बाटलीत मिळतं."

"संडास?" कारूजींनी विचारलं.

"जिन्यावर. दोन घरांत मिळून एक."

कारूजींनी डोळे मिटले. मामाजींनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस चरत चरत आली आणि उत्तरेच्या भिंतीतून सरळ आमच्या खोलीत शिरली. फक्की पुसली गेली. "भिंती कच्च्या हायेत," कारूजींनी मनात नोंद केली. (मोठ्यानं केली.) म्हशीला मी दारातूनच बाहेर काढत होतो, ती ऐकेना, ती पलंगावरून गेली.

"शेजारी?"

"एक पितळी तुतारी वाजवणारा. पण बहिरा आहे."

हशा!

"देऊळ?"

"मोठं चर्च आहे टेकडीवर. त्याची घंटा दुपारचे बारा अकरा वाजताच वाजवते."

आता अख्ख्या वॉर्डानं डोळे बारीक केले. हे शंभर टक्के खरं होतं, हो! मी घाईघाईनं समजावलं, की फार जुन्या काळी शत्रूनं शहराला वेढा दिला. त्यांचा सेनापती म्हणाला, दुपारच्या बारापर्यंत जिंकलो नाही तर निघून जाईन. तर घंटेवाल्यानं अकरालाच बारा ठोकले, आणि शत्रू गेला! तेव्हापासून तसंच वाजवतात, असं तिकडे सांगतात.

मामाजींनी बोटांवर तास मोजले. "सेनापतीजवळ घडी नोहती काय?"

दोन वर्षांत हा सवाल मला सुचला नव्हता!

"आनं गावची नगरपालिका?" कारूजींचा आवाज आता दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

खोटं बोलायची आयुष्यात एवढी इच्छा मला कधी झाली नव्हती. विमल माझ्याकडे रोखून पाहत होती.

"जुन्या नगरपालिकेच्या कमानीत," मी म्हणालो, "एक मगर टांगली आहे."

"मगर!"

"पेंढा भरलेली."

"काहून?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"टॅक्स नाई भरला असन तिनं," तुळशीराम म्हणाला, आणि अख्खं मैदान लोळायला लागलं. एक माणूस तर खरोखर आमच्या स्वयंपाकघरात लोळला.

मामाजी पुढे झाले. "बस झालं. सात खोल्या आम्ही मानल्या होत्या, जवाईबापू. दुधाची तोटी मानली होती. चोर सदऱ्याले सलाम करते, ते बी मानलं! पण हे? पोरीच्या बापाची थट्टा करून राह्यले काय? चल विमल, लांजीले."

विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तासभर सलग खरं बोललो होतो, आणि तेच माझं घर मोडत होतं!

माझं डोकं फिरलं. "राहू द्या! नाही जात मी! नाही पाहिजे ते गाव!" असं ओरडून मी फक्कीचा डबा फेकला आणि स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर पडलो.

"थांबा!"

कारूजींचा आवाज. मी थांबलो.

"जवाईबापू, दारात वाकले काहून?"

"कोण? मी?"

"हौ, तुमी. आता बाहीर निंगाले तवा दारात मान खाली घातली, डाव्या बाजूले झुकली. काहून?"

मी मागे पाहिलं. मोकळं मैदान, ऊन, फक्कीची रेघ. वर आभाळ.

"तुळई आहे तिथे," मी म्हणालो. "खाली आलेली. पहिल्या महिन्यात नऊ टेंगळं आली. डावीकडं थोडी तासलेली आहे, तिथून डोकं निघतं."

कारूजी त्या दारापाशी आले. त्यांनी नसलेल्या तुळईकडे बराच वेळ पाहिलं. मग मामाजींना म्हणाले, "तुकाराम, ह्या माणसाची जीभ थापाडी हाये. मान थापाडी नाई. रागात असलेला माणूस नसलेल्या घरातून भिंतीतून बी जाते. हा दारातून गेला, आनं वाकून गेला. हा इथं राह्यला हाये."

तुळशीराम म्हणाला, "गोंदियात बी तुळई असू शकते..." पण त्याच्या आवाजात पहिला जोर नव्हता.

"चुलीजवळ उभे राहा," कारूजी मला म्हणाले. मी राहिलो. "काय दिसते?"

"छपरं," मी म्हणालो. "लाल. त्याच्यामागे टेकडी. खाली ट्राम वळते." आणि मी बोटानं ते वळण दाखवलं. विमल फक्कीच्या दारातून आत आली. (तिनंही मान वाकवली!) माझ्याशेजारी उभी राहून ती तिकडेच पाहू लागली, जिथे आमच्या वॉर्डातली पिठाची गिरणी होती.

कारूजींनी हात पुढे केला. "आण पाणी."

अख्खा लोटा त्यांनी एका दमात रिकामा केला. मग मिशा पुसून निकाल दिला, "घर पसंत. गाव बी पसंत. जवाई पसंत नाई. पण लगन झालं हाये, आता काय करता!"

आम्ही त्याच वर्षी, पावसाळ्याच्या आधी निघालो. ब्रनोला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, आणि घरमालकीण आजी खाली फाटकापाशी उभी होती, काळा चांगला झगा घालून. मी हात पुढे केला. आजीनं तो पाहिलाच नाही. ती विमलसमोर गेली आणि झगा दोन्ही हातांनी धरून गुडघ्यात वाकली. पार खाली!

विमल दोन पावलं मागे सरली. "अवो, ही बुढी मले पाहून वाकून काहून राह्यली?"

"तिकडची रीत आहे."

"मंग त्या समोरच्या बाईले काहून नाई वाकली?" विमलचे डोळे बारीक झाले. अगदी बालाघाटसारखे. "काय सांगून ठेवलं तुमी हिले?"

आता तुम्हीच सांगा, दोन वर्षं परक्या मुलखात माणूस एकटा असतो. संध्याकाळी आजी विचारायची, तुझं गाव कसं, तुझी बायको कशी? 'सासरे धान पिकवतात' हे ऐकायला ब्रनोत तरी कोण बसतो? म्हणून मी थोडी भर घातली होती.

"लांजीची राजकन्या," मी पुटपुटलो. "सासऱ्यांकडे सात हत्ती."

विमलनं पदर सावरला, आजीच्या डोक्यावर हलकेच हात ठेवून तिला उठवलं, आणि दोन ट्रंका, एक तांदळाचं पोतं आणि मी, असे चौघे तिथेच सोडून पायऱ्या चढू लागली.

"अगं, एक पिशवी तरी घे!"

"राजकन्या सामान उचलत नाई," वरून आवाज आला.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे आले की ती खिडकीपाशी खुर्चीत बसते आणि चहा मी करतो. आजीला एकदा सगळं खरं सांगून टाकू, असं मी दर महिन्याला विमलला म्हणतो. ती म्हणते, "सांगा ना. तुमचं आयकते कोण?"