मुळमुळे मॅडमची रांग

विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल विभागात माझी बदली झाली आणि पहिल्याच दिवशी मी इतिहास चाटला. झालं असं, की समोर जुन्या साप्ताहिकांचा बांधीव खंड उघडा होता, पान उलटायचं होतं आणि आमच्या घराण्यात पान उलटायची एकच रीत आहे. बोट जिभेला लावायचं, मग पानाच्या कोपऱ्याला. आजोबा पोथी अशीच वाचत, वडील पंचांग असंच बघत, मी पत्ते असेच वाटतो. एक पान उलटलं, दुसऱ्यासाठी बोट परत जिभेवर ठेवलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काहून गा भोयर, घरी जेवायले नाही भेटत का?”

त्या सुनंदा मुळमुळे. विभागप्रमुख. आडनाव मुळमुळे असलं तरी त्या बाईत मुळमुळीत असं काहीच नव्हतं. एरवी त्या छापील मराठी बोलत, पण कुणाचा पाणउतारा करायचा असला की सरळ नागपुरीत उतरत. त्यांनी खंड माझ्यापुढून उचलला, आपला डबा उघडला आणि भिवापुरी मिरचीच्या ठेच्यात माझं बोट स्वतःच्या हातानं बुडवलं. मग ते पुसायला लावून एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी माझ्यासमोर टाकली. “हिची पानं उलटा. संध्याकाळपर्यंत.”

पन्नाशीला टेकलेला माणूस मी. दोन मुलांचा बाप. सवय अशी वाईट, की दुपारपर्यंत मी चार-पाचदा तरी तेच बोट जिभेला लावलं आणि एकदा डोळ्यालाही. डोळे गळत असताना मॅडम शेजारून गेल्या. “आता कसं, इतिहास वाचून रडू आल्यासारखे दिसून राहिले,” म्हणाल्या. त्या दिवसापासून आजतागायत मी पुस्तकाला ओलं बोट लावलेलं नाही. पत्तेसुद्धा कोरड्या हातानं वाटतो आणि हरतो.

आमचं काम असं होतं. विदर्भातली जुनी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, मासिकं ग्रंथालयात पडलेली. त्यांचे पानोपान फोटो काढून ती संगणकावर घ्यायची, म्हणजे कुणालाही कुठूनही वाचता यावीत. कपाटं भिंतभर, मशीन एकच. मग आधी काय घ्यायचं? मॅडमची त्यावर एक परीक्षा होती. पानाचा कोपरा चिमटीत धरायचा, एकदा पुढे दुमडायचा, एकदा मागे. कोपरा तुटला तर तो खंड रांगेत पुढे. नाही तुटला तर मागे. विषय कोणता, संपादक कोण, शिफारस कुणाची, याचा संबंध नाही. “ज्याचं मरण जवळ, तो पुढे,” असं त्या म्हणत. “दवाखान्यात असंच असतं. असायला पाहिजे.”

सावनेरहून एक वकीलसाहेब आपल्या आजोबांनी चालवलेल्या वर्तमानपत्राचा एकुलता एक खंड रेशमी रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. मॅडमनी रुमाल सोडला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कोपरा दुमडला. टक् असा आवाज झाला. कोपरा टेबलावर पडला. वकीलसाहेबांनी स्वतःचंच बोट मोडल्यासारखा हात मागे घेतला.

“आजोबा गेले तुमचे,” मॅडम म्हणाल्या. “फोटो काढून घेऊ. पण काचेखाली पान सपाट बसायला शिवण उसवावी लागेल, आणि एकदा उसवली की हा खंड परत उभा राहणार नाही. आजोबांचा कागद पाहिजे की आजोबांचा शब्द?”

“दोन्ही नाही होणार का, मॅडम?”

“दोन्ही पाहिजे होते तर तीस वर्षं आधी यायचं होतं. माळ्यावर उंदरांजवळ काहून ठेवलं होतं?”

वकीलसाहेबांनी शब्द निवडला. काम झाल्यावर ते न्यायला आले, तेव्हा मॅडमनी त्यांच्या हातात कागदाच्या पापुद्र्यांची पिशवी आणि त्यावर तोच रेशमी रुमाल, इस्त्रीच्या घडीत, ठेवला. “अंबाझरी तलावात सोडा.” साहेब पायऱ्यांवर बसून रडले. मी पाणी घेऊन गेलो. आत आलो तर मॅडम पुढच्या खंडाचा कोपरा दुमडत होत्या. “पाणी पाजून झालं असेल तर काच पुसा,” म्हणाल्या.

उन्हाळ्यात मॅडमचे वडील, अण्णा, आमच्याकडे येऊन बसू लागले. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, आई केव्हाच गेली होती, घरी म्हाताऱ्याजवळ बसायला कुणी नाही, आणि मशीनला गार हवा लागते म्हणून आमची खोली तेवढी गार. तिथं अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत दिवसभर असत. नव्वदीकडे झुकलेले, पांढरं स्वच्छ धोतर, मधूनच मान डुगडुगायची. एके काळी त्यांनी ‘पळसबन’ नावाचं मासिक काढलं होतं. बंद पडल्यावर त्याचा घरातला सगळा संच त्यांनी याच ग्रंथालयाला देऊन टाकला होता. आता डोळ्यांनी छापील अक्षर दिसेना. कितीही जाड भिंग घेतलं तरी ओळ म्हणजे मुंग्यांची रांग, असं ते सांगत.

एक दिवस मी संगणकावर कुठल्याशा पानावरचा डाग तपासायला अक्षरं मोठी केली. लिंबाएवढी. अण्णा खुर्चीतून पुढे सरकले आणि मोठ्यानं वाचू लागले, “धान्याचे भाव पुनश्च कडाडले!” शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली. अण्णा थांबायलाच तयार नव्हते. तूर वाचली, हरभरा वाचला, सरकी वाचली. मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, “भोयर, मला वाचता आलं हो.”

त्या दिवसापासून त्यांना एकच पाहिजे होतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे मॅडमच्या आई, ‘पळसबन’मध्ये ‘चुलीपुढून’ नावाचं सदर लिहीत. तेवढंच त्या बाईंनी आयुष्यात लिहिलं. अण्णांना ते मरायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. त्यांनी मान हलवली. “तुमच्या आवाजात ते तुमचं होईल. अहो, मी संपादक होतो ना, दर महिन्याला तिचं निम्मं लिखाण कापायचो. जागा नाही म्हणायचो. ती काही बोलायची नाही. काय ठेवलं होतं ते तरी बघू द्या.”

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाटातून ‘पळसबन’चा खंड आणला, वडिलांच्या पुढ्यात ठेवला आणि कोपरा दुमडला. पुढे. मागे. पुन्हा पुढे. कोपरा शाबूत.

“अण्णा, तुमचा कागद चांगला आहे. तुम्ही शेवटी.”

अण्णा हसले. खरोखर हसले. “तुझी आई सांगत होती, वर्तमानपत्राच्या कागदावर छापा, परवडेल. मी ऐकलं नाही. म्हटलं, आपलं मासिक शंभर वर्षं टिकलं पाहिजे. तिचं ऐकलं असतं तर आज पहिला नंबर लागला असता.”

“आईचं तुम्ही ऐकलं कधी?” म्हणून मॅडम खंड परत ठेवायला गेल्या.

मला हे पटेना. सदर म्हणजे अंकात दीड पान. मला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ. एका दुपारी मॅडम मीटिंगला गेल्यावर मी ‘पळसबन’ मशीनवर चढवलं. अण्णांना खुणेनं जवळ बोलावलं. काच खाली घेतली, आणि दारात मॅडम. मीटिंग रद्द झाली होती. माझं नशीब असंच आहे; शाळेत कॉपी केली त्या दिवशी तपासनीस माझ्याच बाकावर टेकले होते.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी काच वर केली, खंड काढला आणि त्याच्या जागी आधी होता तो, मी बाजूला काढलेला खंड हातात घेतला. धर्मांतरानंतरच्या वर्षांत शहरातल्या एका वस्तीतल्या मास्तरांनी काढलेलं साप्ताहिक. कागद हळदीसारखा पिवळा. नुसता उचलला तर टेबलावर भुसा पडला.

“अण्णा, इकडे पाहा. दिसत नसेल तर हात लावा. या मास्तरांजवळ चांगला कागद घ्यायची ऐपत नव्हती. जो मिळाला त्याच्यावर छापलं. याचा दुसरा संच कुठं नाही. भोयरनी तुमच्यासाठी याला खाली ठेवलं, तेवढ्यात याचं एक पान गेलं. त्याच्यावर काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. वाचायचं आहे आता आईचं?”

अण्णांनी त्या भुशावरून बोट फिरवलं. बराच वेळ. “तिचं बरोबर आहे, भोयर,” म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मॅडम माझ्याकडे वळल्या. “पुण्य कमवायची लय हौस असंन तर मंदिरात जा गा. इथं काम करायले येत जा.”

त्यानंतर त्यांनी मला महिनाभर मशीनला हात लावू दिला नाही. मी भुसा गोळा करत होतो.

पावसाळा संपता संपता अण्णांनी अंथरूण धरलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर अण्णांच्या नाकात नळी, आणि मॅडम शेजारी बसून मोसंबी सोलत होत्या. प्रत्येक फोडीचा पापुद्रा काढायच्या, बी काढायच्या, मग वडिलांच्या ओठाला लावायच्या. कोपरे मोडणारं ते बोट त्या दिवशी फार हलकं चालत होतं, एवढं मी पाहिलं.

अण्णांनी मला ओळखलं. “भोयर, कुठवर आलं?”

मी तोंड उघडलं. झालंच, उद्या तुमचाच नंबर, असं माझ्या जिभेवर होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि जीभ परत आत गेली.

“अजून दोन कपाटं आहेत, अण्णा,” त्या म्हणाल्या.

“दोन?”

“दोन. मग तुमचं.”

“सुनंदा, आत्ता लावलंय म्हण.”

“खोटं बोलू?”

“बोल की गं एकदा.”

मी मनातल्या मनात मॅडमच्या पाया पडत होतो. बोला. कोण तपासायला येणार आहे? मॅडमनी मोसंबीची पुढची फोड घेतली, तिचा पापुद्रा काढला.

“दोन कपाटं आहेत, अण्णा.”

अण्णांनी ओठ मिटून घेतले. फोड ओठाला लावली तरी उघडले नाहीत. पुढच्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर मॅडम कामावर आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी एका मुलीला काचेवर ठसा राहिला म्हणून रडवलं. त्यामुळे आम्हाला बरं वाटलं, काही बदललेलं नव्हतं. एक कपाट संपलं. दुसरं निम्म्यावर आलं असताना वरून आदेश आला, प्रकल्प बंद. जे झालं ते संकेतस्थळावर चढवा, उरलेलं जिथं आहे तिथं राहू द्या. त्याच सुमारास मॅडम निवृत्त झाल्या.

निरोपसमारंभात सगळे चांगलं बोलले, भीतीनंच. मॅडमनी हारसुद्धा स्वीकारला नाही. फुलांनी कागदाला कीड लागते म्हणाल्या. मशीन दुसऱ्या दिवशी न्यायचं होतं. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“मॅडम, मशीन आजच्या दिवस इथंच आहे. ‘पळसबन’ लावू का? निदान आईंचं सदर?”

“राहिलेलं अर्धं कपाट संपलं का?”

“नाही, पण…”

“मग?”

“आता कोण विचारणार आहे, मॅडम?”

“आता वाचणार तरी कोण आहे?” त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. कठडा न धरता.

आज त्या संकेतस्थळावर गेलं की मास्तरांचं ते साप्ताहिक वाचता येतं. एक पान सोडून. सावनेरच्या आजोबांचा शब्दही आहे. मुळमुळ्यांच्या घरातलं एक अक्षर नाही. ‘पळसबन’ कपाटात आहे, कागद अजून उत्तम.

निरोपसमारंभाच्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. पहिल्यांदाच एवढं सविस्तर. भाकरी तशीच राहिली. म्हटलं, बाई आहे की दगड, मरणाऱ्या बापाला दीड पान दाखवलं नाही तिनं, असली माणसं पाहिली नाहीत मी. बरंच बोललो. ही माझ्या ताटात वरण वाढत होती, ती थांबली.

“अहो, तुमच्या मोबाइलले काय झालं होतं?”

“म्हणजे?”

“माह्या भाच्याच्या लग्नात जेवणाऱ्यांचे फोटो काढत फिरले तुम्ही. पंगतीत एकाचा घास सोडला नाही. दीड पानाचा फोटो काढायचा, अन् दवाखान्यात मोठा करून धरायचा म्हाताऱ्यापुढं. तिले विचारायचं कशाले?”

मी म्हटलं, तसं नसतं. त्या विभागात मोबाइलनं फोटो काढायला बंदी आहे. नियम आहे.

हिनं वरण वाढलं, वाटी खाली ठेवली.

“मग त्या बाईले काहून नावं ठेवून राहिले?”